बोईसरला उष्णतेची वीज नको, उष्णताच हवी

एक युक्तिवाद असा मांडला जातो. आरशांनी ऊन एका जागी एकवटा. त्या जागी खास काळा लेप दिलेली पट्टी ठेवा. ती ऊन शोषून घेईल, पण तापल्यावर उष्णता फारशी बाहेर टाकणार नाही. पट्टीच्या पाठीला थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल बसवा आणि त्याची दुसरी बाजू पाण्यानं गार ठेवा. दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून थेट वीज निघेल. टर्बाइन नको, बॉयलर नको, धूर नाही, हलणारा एकही भाग नाही. वर गार बाजूचं पाणी तापून बाहेर पडेल, तेही कारखान्याच्या कामी येईल. मग तारापूर एमआयडीसीसारखी, चोवीस तास वीज आणि गरम पाणी दोन्ही मागणारी वसाहत सोडून हे तंत्र आणखी कुठे आणायचं?

यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर जवळजवळ खरं आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण सगळी वाक्यं एकत्र आली की निष्कर्ष चुकतो. बोईसर-तारापूरला एकवटलेल्या उन्हाची गरज आहे. त्या काळ्या लेपाची तर फारच गरज आहे. पण इतक्या खटपटीनं गोळा केलेल्या उष्णतेची वीज करायला निघालो, तर हाती आलेल्या वीस भागांपैकी एकोणीस भाग टाकून द्यावे लागतात. ज्या वसाहतीत सकाळपासून रात्रीपर्यंत कोळसा जाळला जातो तो मुख्यतः उष्णतेसाठी, तिथे ही उधळपट्टी मला मान्य नाही.

आधी या तंत्राला न्याय देऊ. १८२१ साली थॉमस सीबेक यांना दिसलं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की जवळची होकायंत्राची सुई हलते. वीज वाहत होती. हे दोनशे वर्षांचं, पक्कं भौतिकशास्त्र आहे. उन्हावर ते चालवण्याचा पहिला नीट मोजलेला प्रयत्न मारिया टेल्केस यांचा. १९५४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे: सपाट पट्टीवर साधं ऊन पाडून ०.६३ टक्के, आणि भिंगानं ऊन पन्नासपट एकवटून ३.३५ टक्के. त्यानंतरची मोठी झेप २०११ सालची. एमआयटी आणि बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी, गँग चेन आणि झिफेंग रेन यांच्या गटांनी, निर्वात काचेच्या आत लेप दिलेली तांब्याची रुंद पट्टी ठेवली, तिची उष्णता मधल्या इवल्याशा थर्मोइलेक्ट्रिक खांबांत ओढून घेतली आणि आरशाशिवाय, साध्या उन्हात ४.६ टक्के गाठले. २०१६ साली चेन यांच्या गटानं ऊन दोनशेपटीहून जास्त एकवटून यंत्रापुरते ९.६ टक्के मिळवले. आरशांतली आणि भिंगांतली गळती धरली तर पूर्ण संचाचे ७.४ टक्के. लेप ६०० अंशांपर्यंत टिकणारा होता. हे सुंदर काम आहे आणि ते करणाऱ्यांचं कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही.

पण १९५४ हे साल पुन्हा पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेल प्रयोगशाळेत पहिला व्यवहार्य सिलिकॉन सौरघट दाखवला गेला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. दोन्ही तंत्रं एकाच वर्षी शर्यतीच्या रेषेवर उभी होती. आज बोईसरच्या बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन पॅनेल उन्हाच्या वीस-बावीस टक्के वीज देतं, छपरावर पंचवीस वर्षांच्या हमीसह बसतं. थर्मोइलेक्ट्रिकच्या पूर्ण संचाचा उत्तम, प्रयोगशाळेतला, निर्वात पात्रातला आकडा अजून सात-आठच्या घरात आहे. याचा दोष संशोधकांच्या आळसाला देता येत नाही. कारण पदार्थाच्या पोटात आहे. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थानं वीज सहज वाहू द्यायला हवी आणि उष्णता मात्र अडवायला हवी. पण वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच उष्णताही वाहून नेतात. एक वाढवायला जावं तर दुसरी वाढते. या ओढाताणीचा हिशेब अभियंते झेडटी नावाच्या एका गुणांकात मांडतात. या कामातला सगळ्यांत रुळलेला पदार्थ बिस्मथ टेल्युराइड. त्याचा झेडटी अनेक दशकं एकच्या आसपास आहे. त्याच्या पुढचं प्रत्येक दशांश पाऊल मोठ्या कष्टानं पडलं आहे.

आता बोईसरच्या एखाद्या छपरावर हिशेब मांडू. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर आरशावर १,००० वॉट ऊन पडतं असं धरा. आरशाची परावर्तनक्षमता, त्यावरची धूळ, नेम थोडा चुकणं यांत दीडशे गेले, ८५० उरले. लेपानं त्यातले ८०० शोषले. तापलेल्या पट्टीतून इकडेतिकडे शंभर निसटले. मॉड्यूलच्या गरम बाजूला ७०० वॉट पोचले. झेडटी एक असेल, गरम बाजू २५० आणि गार बाजू ५० अंशांवर असेल, तर कागदावर ७.८ टक्के निघतात. सांधे, तारा, चिकटपट्ट्या यांतला विरोध धरला की बाजारातलं मॉड्यूल पाचच्या आसपास येतं. म्हणजे ३५ वॉट. त्यातूनच आरसा फिरवणारी मोटर आणि पाण्याचा पंप चालवायचा. शेजारी तेवढ्याच जागेवर ठेवलेलं पॅनेल २०० वॉट देत असतं, न हलता, पाण्याविना. आणि त्या आरशाखाली थर्मोइलेक्ट्रिकऐवजी नुसती पाण्याची नळी असती, तर सातशेतले सहाशे वॉट वाफेत गेले असते.

पस्तीस, दोनशे आणि सहाशे हे तीन आकडे एका रांगेत ठेवले की निम्मा वाद मिटतो. पहिला आकडा दुसऱ्याशी विजेच्या शर्यतीत हरतो आणि तिसऱ्याशी उष्णतेच्या शर्यतीत. त्याला जिंकायला या मैदानावर जागाच उरत नाही.

“हलणारा एकही भाग नाही” हा दावा तर मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या मनात सर्वांत खोल रुजतो. मॉड्यूल हलत नाही, हे खरं. पण ऊन पन्नासपट एकवटायचं तर आरशाला सूर्याचा पाठलाग करावा लागतो, मिनिटामिनिटाला. मोटर आली, गिअर आला, बेअरिंग आलं, वाऱ्याच्या झोतात आरसा आडवा करणारी व्यवस्था आली. गार बाजूला पाणी फिरवणारा पंप आला. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत हे सगळं लोखंड उभं राहणार, आणि वसाहतीच्या आम्लाच्या वाफा वरून. देखभालीचा खर्च मॉड्यूलच्या अंगावरून उचलून आरशाच्या अंगावर टाकला, एवढंच झालं. हलणारा भाग खरोखर नसलेलं सौरयंत्र हवं असेल तर ते साधं पॅनेल आहे.

गरम पाण्याचा युक्तिवाद जास्त चतुर आहे, कारण तो उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांची लाज झाकतो. वीज थोडी निघाली तरी पाणी मिळतंच की! मिळतं, पण किती अंशांचं? मॉड्यूलची वीज दोन बाजूंच्या फरकावर जगते. गरम बाजू २५० अंशांवर ठेवून गार बाजू ३० अंशांवर धरली तर कागदावर ८.७ टक्के निघतात. पाणी मात्र तीस अंशांचं, म्हणजे विहिरीच्या पाण्याइतकंच. तेच पाणी ८० अंशांचं हवं असेल तर कार्यक्षमता ६.४ वर घसरते. पाणी जितकं उपयोगी, वीज तितकी कमी. शिवाय ज्या पट्टीनं २५० अंश गाठले होते, तिची उष्णता मॉड्यूलमधून उतरवून आपण ऐंशी अंशांचं पाणी घेतो. वाटेत वाफ करण्याची सगळी पत गमावली, आणि बदल्यात पस्तीस वॉट मिळाले. डाइंगच्या कारखान्यातल्या माणसाला विचारा, तो हा सौदा करेल का.

आता त्या काळ्या लेपाबद्दल. या सगळ्या प्रकरणातली खरी किमया त्याची आहे आणि ती थर्मोइलेक्ट्रिकच्या सावलीत झाकली जाते याचं मला वाईट वाटतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंशांच्या घरात. त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अडीच मायक्रॉनपेक्षा आखूड लांबीच्या लहरींत येते. दोनशे अंशांना तापलेली पट्टी मात्र सहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त उष्णता फेकते. येणारं आणि जाणारं, दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. आखूड लहरींना काळा आणि लांब लहरींना आरशासारखा चकचकीत असा एकच पृष्ठभाग बनवला तर उष्णता आत येते आणि आतच राहते. १९५५ साली इस्राएलच्या हॅरी टेबॉर यांनी हे करून दाखवलं. आज भारतात हैदराबादची एआरसीआय आणि बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा असे लेप विकसित करत आल्या आहेत. आणि पालघरच्या इमारतींच्या गच्चीवर काचेच्या दुहेरी नळ्यांचे जे बंब दिसतात, त्यांच्या आतल्या नळीवरचा काळसर थर हाच असतो. लोक रोज त्या पाण्यानं आंघोळ करतात.

लेप किती महत्त्वाचा, हे एका आकड्यात सांगता येतं. २५० अंशांना तापलेला एक चौरस मीटर साधा काळा पृष्ठभाग सुमारे ४,२०० वॉट किरणांवाटे फेकतो. त्यावर पडणारं साधं ऊन १,००० वॉट. म्हणजे तो अडीचशे अंशांना पोचणारच नाही. पाच टक्केच उत्सर्जन करणारा लेप दिला तर तीच गळती २१० वॉटवर येते. पण ऊन जसजसं जास्त एकवटाल तसा हा फरक पुसट होतो: पन्नासपट एकवटलेल्या उन्हात ५०,००० वॉट येत असताना ४,२०० गेले तरी आठ टक्केच. दहापट उन्हात मात्र तीच गळती चाळीस टक्क्यांच्या वर. याचा अर्थ लेप आपलं सर्वांत मोठं काम कमी आणि मध्यम एकवटीकरणात करतो, म्हणजे शंभर ते दोनशे अंशांच्या पट्ट्यात. आणि बोईसरच्या कारखान्यांना नेमकी हीच उष्णता लागते.

तारापूर एमआयडीसीत कापड आहे, रंग आणि रसायनं आहेत, औषधांचे कच्चे घटक आहेत, पोलाद आहे. पोलादाच्या भट्टीला ऊन पुरणार नाही, ते सोडून द्या. बाकीच्यांच्या शॉप फ्लोअरवर पाहा. पॉलिएस्टर रंगवणारं जेट डाइंग मशीन १३० अंशांना चालतं. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग साठ ते ऐंशी अंशांवर चढतो. कापडाची रुंदी पक्की करणारा स्टेंटर १५० ते २०० अंशांच्या हवेवर, बहुधा थर्मिक फ्लुइडच्या तेलावर. औषधांच्या कारखान्यात ऊर्ध्वपातन आणि वाळवणी, तीन ते सात किलो दाबाच्या वाफेवर. सात किलोची वाफ म्हणजे १७० अंश. ही सगळी मागणी आज कोळसा, लाकूड, ब्रिकेट, फर्नेस ऑइल किंवा गॅस जाळून भागवली जाते. जगभर उद्योगांच्या एकूण ऊर्जेतला निम्म्याहून बराच मोठा वाटा विजेचा नसून उष्णतेचाच असतो. सौरऊर्जेची चर्चा मात्र आपल्याकडे युनिट आणि मेगावॉटवर सुरू होते आणि तिथेच संपते. बॉयलरच्या चिमणीपर्यंत ती पोचतच नाही.

आणि या चिमण्यांचा प्रश्न इथे शोभेचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींचं प्रदूषण मोजलं, तेव्हा ९३.६९ या निर्देशांकासह तारापूर पहिल्या क्रमांकावर होतं. सांडपाण्यानं मासळीचा घात होतो म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. पाण्याच्या प्रश्नावर निदान लढा उभा राहिला. हवेचा भार मात्र सालवड, पास्थळ, कोलवडे या गावांतली माणसं रोज छातीत ओढून घेतात. त्यांच्यासाठी एक टन कोळसा कमी जळणं याला पस्तीस वॉटच्या दिमाखदार प्रात्यक्षिकापेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे.

हे स्वप्नरंजन आहे का? महाराष्ट्रात याचे पुरावे उभे आहेत. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ साली १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर डिश, म्हणजे बशीसारखे आरसे, बसवल्या गेल्या. त्यांची वाफ भाविकांच्या जेवणाचा भात-डाळ शिजवते, ऊन कमी पडलं तर गॅसची वाफ त्याच नळीत येते. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्यानं विकसित झालेली ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची डिश दुधाच्या पाश्चरीकरणासाठी लागली. त्यामागचे शिरीष केदारे पुढे त्याच आयआयटीचे संचालक झाले. याच संस्थेतल्या सुहास सुखात्मे यांच्या सौरऊर्जेवरच्या पाठ्यपुस्तकावर अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. त्या पुस्तकाचा विषयच उष्णता गोळा करणं आणि साठवणं हा. तेच सुखात्मे २००० ते २००५ अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या त्या काळात. या तंत्राची मराठी परंपरा आहे, आणि ती उष्णतेची परंपरा आहे.

उन्हाच्या उष्णतेतून वीज करायचा प्रयोग देशानं मोठ्या प्रमाणावर करूनही पाहिला, तोही थर्मोइलेक्ट्रिकपेक्षा कितीतरी कार्यक्षम वाफेच्या टर्बाइननं. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात ४७० मेगावॉटच्या सात प्रकल्पांचा लिलाव झाला. युनिटला साडेदहा ते सव्वाबारा रुपये असे भाव आले. त्यातले तीनच मोठे प्रकल्प उभे राहिले, राजस्थानच्या नोख आणि धुरसरला आणि आंध्रातल्या अनंतपूरला. सात वर्षांनी, मे २०१७मध्ये, भडल्याच्या पॅनेलांच्या लिलावात भाव २ रुपये ४४ पैशांवर आला. जैसलमेरच्या कोरड्या, निरभ्र वाळवंटात जे टर्बाइनला परवडलं नाही, ते बोईसरच्या दमट हवेत, टर्बाइनच्या एक पंचमांशही वीज न देणाऱ्या मॉड्यूलला परवडेल, असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

जमिनीचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण पालघरमध्ये कार्यक्षमता हा निव्वळ तांत्रिक शब्द नाही. पॅनेलपेक्षा पाच-सहापट कमी वीज देणारं यंत्र म्हणजे पाच-सहापट जागा. ती कुणाची? अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली; पुनर्वसनाचे खटले वर्षानुवर्षं चालले. त्याआधी डहाणूला औष्णिक वीजकेंद्र आलं. मग मालवाहू रेल्वेमार्ग, द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन, आता वाढवण बंदर. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे असं केंद्रानं १९९१ सालीच जाहीर केलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणानं त्याची दोन दशकं राखण केली. वीज मुंबईला आणि ग्रिडला गेली, जमीन मात्र इथल्या वारली, मांगेला, भंडारी घरांनी दिली. या जिल्ह्यात एखादं तंत्र आणताना त्याला किती एकर लागतील हा पहिला प्रश्न असायला हवा. कमी कार्यक्षमतेची भरपाई इथे नेहमी मोकळ्या माळानं आणि वाडीनं केली आहे.

आता माझ्या बाजूवरचे आक्षेप. पहिला पावसाचा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत इथे ऊन बेभरवशाचं, आणि आरसे फक्त थेट येणारं ऊन एकवटतात. ढगांतून विखुरलेला उजेड त्यांच्या उपयोगाचा नाही. हा आक्षेप खरा आहे. पण तो थर्मोइलेक्ट्रिकच्या आरशांनाही तेवढाच लागू आहे, आणि वाफेच्या बाबतीत त्यावर तोडगा हाताशी आहे: बॉयलर जागच्या जागी राहतो. पावसाळ्यात तो पूर्ण चालेल, उरलेले आठ महिने दिवसा कमी जळेल. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. छपरावर पॅनेल बसवून त्या विजेवर हीट पंप चालवला तर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. वीस टक्क्यांचे साठ झाले, शिवाय ढगाळ दिवशीही थोडं काम होतं. हे मी मान्य करतो. सत्तर-ऐंशी अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी हा मार्ग आरशांनाही मागे टाकू शकतो, आणि ज्या कारखान्याला एवढंच पाणी लागतं त्यानं आरशांच्या वाटेला जाऊ नये. पण १३० ते १८० अंशांवर हीट पंपाची ताकद झपाट्यानं ओसरते. तो पट्टा लेपाचा आणि आरशांचा.

“मग संशोधनच थांबवायचं का?” असा प्रतिप्रश्न येईल. अजिबात नाही. थर्मोइलेक्ट्रिकची स्वतःची जागा आहे आणि तिथे त्याला तोड नाही. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं आजही त्यावर जगतात. प्लुटोनियमची ऊब, सिलिकॉन-जर्मेनियमचे सांधे, कार्यक्षमता सहा-सात टक्के, आणि तिथे तेवढी पुरेशी, कारण सूर्यापासून इतक्या दूर पॅनेल निरुपयोगी आहे. युद्धानंतरच्या सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या काचेभोवती असेच सांधे बसवून रेडिओ चालवत. आपल्या चांद्रयान-३चा विक्रम लँडर ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रावर उतरला आणि चौदा दिवसांची रात्र ओलांडून पुन्हा जागा झाला नाही. त्याच यानाच्या प्रोपल्शन मॉड्यूलवर मात्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेले एक-एक वॉटचे दोन किरणोत्सारी हीटर होते. ट्रॉम्बेच्या याच केंद्रात थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. चंद्राच्या रात्रीसाठी ते काम पुढे जायला हवं, त्यावर पैसे खर्च व्हायला हवेत, आणि त्यासाठी बोईसरच्या उन्हाची सबब लागत नाही.

बोईसरमध्येही सीबेकचा परिणाम रोज राबतो आहे. वसाहतीतल्या रिअॅक्टरच्या आणि थर्मिक फ्लुइड हीटरच्या पोटात जी थर्मोकपल घुसवलेली असते, ती याच तत्त्वावर तापमान सांगते: के प्रकारची असेल तर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. कितीतरी अपघात या इवल्या विजेनं वेळीच कळवल्यामुळे टळत असतील. वाफेच्या नळीवर नाण्याएवढं मॉड्यूल बसवून तिच्याच उष्णतेवर स्टीम ट्रॅपची गळती कळवणारा बिनतारी सेन्सर चालवता येतो, बॅटरी न बदलता. तिथे काही मिलिवॉट पुरतात, आणि पाच टक्क्यांची कार्यक्षमता कुणाला खटकत नाही. हे तंत्र या वसाहतीत आणायचं असेल तर या वाटेनं आणा.

अणुऊर्जा केंद्रातून समुद्रात जाणाऱ्या उष्णतेवर मॉड्यूल बसवा, अशीही एक सूचना असते. भट्टीतल्या उष्णतेचा जवळपास दोन तृतीयांश भाग समुद्राच्या पाण्यावाटे जातो, हे खरंच मोठं नुकसान आहे. पण ते पाणी समुद्रापेक्षा सात अंशांनी गरम असेल तर निसर्गाच्या नियमानं जास्तीत जास्त सव्वादोन टक्के वीज निघू शकते, आणि मॉड्यूलला त्यातलाही सहावा हिस्सा मिळतो. उष्णता किती आहे यापेक्षा ती किती अंशांवर आहे, हे आधी पाहावं लागतं.

मग तारापूरच्या कारखान्यानं सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर अगदी साधं आहे आणि त्यात आरसे सुरुवातीला येतच नाहीत. आधी फुटके स्टीम ट्रॅप बदला, वाफ निवून झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, गटारात न सोडता फीड टँकमध्ये परत आणा, चिमणीत जाणाऱ्या दोनशे अंशांच्या धुरावर इकॉनॉमायझर लावा. मग निर्वात नळ्यांच्या मागे वाकवलेले आरसे असलेले स्थिर कलेक्टर घ्या, ज्यांना इंग्रजी आद्याक्षरांनी सीपीसी म्हणतात. ते सूर्याचा पाठलाग करत नाहीत, विखुरलेल्या उन्हातलंही काही घेतात, आणि लेप निर्वातात असल्यामुळे खाऱ्या हवेपासून सुरक्षित राहतो. शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत ते आरामात जातात. पत्र्याच्या जुन्या शेडवर वजन पेलत नसेल तर सिमेंटच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, पार्किंगच्या मांडवावर बसवा. त्यावर बॉयलरचं फीड वॉटर ३० वरून १०० अंशांवर आणा. सात किलोच्या वाफेसाठी लागणाऱ्या एकूण उष्णतेपैकी एवढ्यानंच अकरा टक्के भागतात. कंडेन्सेट परत न येणाऱ्या कारखान्यात तर तेवढं इंधन थेट वाचतं. त्यानंतर, जागा आणि ऐपत असेल त्या कारखान्यानं, सूर्याच्या मागे फिरणारे पन्हाळीसारखे आरसे घेऊन १३० अंशांच्या जेट मशीनसाठी वाफ करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतिपत्राचं नूतनीकरण करताना बॉयलरची क्षमता आणि इंधन विचारतंच; त्याच अर्जात वाफ किती अंशांवर वापरली जाते आणि किती कंडेन्सेट परत येतं हे दोन रकाने वाढवले तर वसाहतीतली कोणती उष्णता उन्हानं भागेल हे वर्षभरात समोर येईल. ऑक्टोबर ते मे या महिन्यांचं ऊन त्या रकान्यांशी ताडून पाहायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.